कुत्र्याला फिटचं औषध कायमचं चालू आहे. डॉक्टर म्हणतात, आधी रक्त तपासा, मगच नवी चिठ्ठी देतो. खरंच गरज आहे का?

हो, आहे. आमच्या चिंगीला चार वर्षं फेनोबार्बिटोन चालू आहे. ‘कुत्री ठणठणीत आहे, नुसती चिठ्ठी लिहून द्या’ असं मीही एकदा डॉक्टरांना म्हटलं होतं.

शरीरात या औषधाचं विघटन यकृत करतं आणि काही महिन्यांनी ते काम जास्त वेगानं करायला लागतं. गोळी तीच राहते, रक्तातलं प्रमाण मात्र उतरतं. वरून काहीच दिसत नाही, एके रात्री फिट येते तेव्हा कळतं. प्रमाण फार चढलं तर यकृताला धोका. म्हणून डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर साधारण दोन आठवड्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी औषधाची पातळी आणि लिव्हरच्या चाचण्या करतात. चिंगीच्या रिपोर्टात एएलपी (लिव्हरच्या चाचणीतलं एक एन्झाइम) वाढलेलं पाहून मी हादरले होते. पण या औषधानं एएलपी बहुतेकदा वाढतंच. यकृत नीट काम करतंय का, ते अल्ब्युमिन, बाइल ॲसिड या रक्ताच्या चाचण्या पाहून डॉक्टर ठरवतात. तेवढ्या एका आकड्यावरून स्वतः गोळी कमी करू नका.

मला खरी धास्ती गोळ्या संपण्याची वाटते. औषध अचानक तुटलं तर एकामागून एक फिट येऊ शकतात. आम्ही नारायण पेठेत राहतो. एका अनंत चतुर्दशीला सकाळी पाहिलं तर पाकिटात एकच गोळी. रस्ते बंद, बाहेर ढोल, आणि एकच केमिस्ट उघडा. त्यानं जुनी चिठ्ठी पाहून औषध नाकारलं, आणि ते बरोबरच होतं. नवरा झेड ब्रिजवरून चालत डेक्कनला गेला, तिथून रिक्षानं कोथरूडला डॉक्टरांकडे. संध्याकाळची गोळी तीन तास उशिरा पडली. तोवर मी चिंगीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या पापण्या फडफडतात का ते बघत बसले होते.

आता दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की कालनिर्णयवर लाल गोल करते. गणपती आणि दिवाळीआधी पाकीट मोजतेच. चिठ्ठीची तारीख आणि रक्ताची तारीख एकाच भेटीत बसवून घ्या, हेलपाटा वाचतो. वजनही तिथेच करा. चिंगीला या औषधानं भूक फार लागते आणि दोन किलो वाढले ते आम्हाला काट्यावरच कळलं.

तहानही वाढते. पण कुत्रा नेहमीपेक्षा एकदम जास्त पाणी प्यायला लागला, जेवण सोडलं किंवा झोकांड्या खायला लागला, तर सहा महिने थांबू नका, लगेच फोन करा. फिट पाच मिनिटांच्या वर चालली तर फोन करत बसू नका, उचलून थेट दवाखाना गाठा.