दुखऱ्या गुडघ्यावर वजन टाकायचं का?

"व्यायाम केला की दुखतं, मग व्यायाम करायचाच कशाला?" गुडघ्याच्या टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्ट्याचं, जुनं दुखणं घेऊन माझ्याकडे येणारे बहुतेक जण हेच विचारतात. पोलीस भरतीची तयारी करणारा, नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पळणारा एक मुलगा वडिलांसोबत आला होता. वाटीच्या बरोबर खालच्या टोकावर बोट ठेवून दाखवत होता. सूज नाही, गुडघा अडकत नाही. शेक, मशीन, नीकॅप सगळं करून झालेलं.

"मॅडम, महिनाभर सक्तीचा आराम देऊ का याला?" वडिलांनी विचारलं.

"आधी दिला होता ना? मग?"

"बरं वाटलं," मुलगा म्हणाला. "1600 मीटर पळालो आणि पुन्हा तेच."

आरामाने दुखणं दबतं, पण टेंडनची ताकदही उतरते. भरतीची धाव मात्र तेवढीच राहते. म्हणून माझा भर शेक-मशीनपेक्षा वजन घेऊन केलेल्या व्यायामावर.

सुरुवातीला भिंतीला पाठ टेकून, गुडघे साधारण 60 अंशांत वाकवून 45 सेकंद स्थिर राहायचं. असं पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. मग जिममध्ये लेग प्रेस, म्हणजे बसून पायाने वजन ढकलणं, एकेका पायाने. दोन्ही पायांनी केलं की दुखरा पाय अंग चोरतो. तीन सेकंदांत ढकलायचं, तीन सेकंदांत परत आणायचं. चार सेट, एक दिवस आड. आधी जेमतेम 15 वेळा जमेल एवढं वजन, पुढे वाढवत जेमतेम सहा वेळा जमेल इथपर्यंत. करताना दहापैकी तीन-चार दुखलं तरी चालेल. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी, घरचा जिना उतरताना. तेव्हा दहापैकी किती दुखलं, तो आकडा रोज वहीत लिहायचा.

तिसऱ्या आठवड्यात त्याने वही पुढे सरकवली. "मॅडम, लेग प्रेसला चार होतं, सकाळी दोनच. म्हणजे दुखलं, पण बिघडलं नाही?"

मी हेच पहिल्या दिवसापासून सांगत होते, पण भीती गेली ती त्याच्याच अक्षरातल्या आकड्यांनी. सोनोग्राफीचा रिपोर्ट हे काम करत नाही. काही न दुखणाऱ्यांच्या टेंडनमध्येही त्यात बदल दिसतात. सकाळचा आकडा वाढला तर वजन एक पायरी खाली आणायचं, व्यायाम बंद करायचा नाही.

इथेच बरेच जण घसरतात. दुखणं कमी झालं की लेग प्रेस सोडतात आणि थेट मैदानात उतरतात. किमान 12 आठवडे द्यायला हवेत. धावणं हळूहळू, सुरुवातीला दर तिसऱ्या दिवशी. उड्या आणि वेगाच्या धावा सगळ्यात शेवटी.

"आणि पांडवलेणीच्या पायऱ्या?" वडिलांनी विचारलं.

"चढू दे. उतरताना सावकाश, आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा लिहायला लावा."