‘४२ म्हणजे काय हो, मॅडम?’

‘बोलत नाही, मग बुद्धीही कमीच असणार ना?’ मी मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेते, महिन्यातून दोनतीनदा तरी हे माझ्या कानावर पडतं. आई विचारते, आजोबा विचारतात. बाबा बहुधा निघताना, दाराशी चपला घालता घालता.

पावणेसहा वर्षांच्या ओमला (नाव बदललं आहे) सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही. मान सावरण्यातच त्याची निम्मी ताकद जाते, हात ऐकत नाहीत, शब्द फुटत नाही. आईने पिशवीतून रिपोर्ट काढला.

“४२ लिहिलंय. म्हणजे मतिमंद ना?”

“काय काय करायला दिलं होतं, ताई?”

“लाकडी आकार बसवायचे होते. हातातून पडत होते सारखे. आणि मला विचारलं, बटणं लावतो का, हाताने जेवतो का.”

म्हणजे सेग्विन फॉर्म बोर्ड आणि व्हाइनलँड. पहिल्यात दहा ठोकळे आपापल्या खाचेत बसवायचे, तीनदा, सेकंद मोजून. तोंड लागत नाही, पण हात लागतातच की! दुसरी चाचणी नागपूरच्या मानसशास्त्रज्ञ मालिन यांनी भारतासाठी बेतलेली. ती रोजचं स्वावलंबन मोजते. ४२ हा तिचा आकडा होता, सामाजिक गुणांक. तो बुद्ध्यांक नव्हे. ओमला बटण लावता येत नाही हे कळायला चाचणी कशाला हवी?

पहिल्या दोन भेटींत मी चाचणी काढलीच नाही. तो ‘हो’ कसं म्हणतो, तेवढंच शोधलं. आईला ते ठाऊक होतं, कुणी विचारलं नव्हतं इतकंच. नजर वर गेली की हो, डोळे मिटले की नाही.

मग रेव्हनच्या रंगीत मॅट्रिसेस, न बोलता देता येणारी बुद्धिमत्ता चाचणी. नक्षीतला एक तुकडा गायब, खाली सहा पर्याय. मी एकेकावर बोट ठेवायचे आणि त्याच्या डोळ्यांकडे बघायचे. सात-आठ पानं छान गेली. पुढच्या पानावर त्याचं उत्तर मी चूक म्हणून लिहिलं आणि पान उलटलं. ओम घशातून आवाज काढू लागला. नव्या पानाकडे बघेचना. मला वाटलं, दमला.

“मागे जा मॅडम, त्याला ते पटलं नाहीये,” आई म्हणाली.

मागे गेले. सावकाश. दुसऱ्या पर्यायावर त्याची नजर वर गेली, अगदी बरोबर. मघाशी ती वर जाईपर्यंत माझं बोट तिसऱ्यावर पोहोचलं होतं. चूक माझी, आणि ती पकडली होती त्याने! पंधरा वर्षांत परीक्षकाची चूक दुरुस्त करणारी मुलं मला फार भेटलेली नाहीत.

पद्धत बदलल्यामुळे मी रिपोर्टात आकडा लिहिला नाही. तो काय ओळखतो, किती वेळ घेतो, कुठे अडतो, ते दीड पान लिहिलं. मुलाच्या आकड्यापेक्षा वर्णन शाळेला जास्त उपयोगी पडतं, हे माझं जुनं मत.

तुमच्या हातात असा रिपोर्ट असेल तर चाचणीचं नाव विचारा. उत्तर कसं घेतलं, तेही विचारा. मुळात ऐकू येतं का, नीट दिसतं का, हे आधी तपासून घ्या. झोपमोड झालेल्या दिवशी चाचणीला नेऊ नका. पाय टेकतील अशी मुलाची नेहमीची खुर्ची सोबत न्या. आणि इतक्या लहान वयातला आकडा कायमचा धरू नका, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा बघा.

निघताना बाबा ओमसमोर वाकले. “घरी जायचं की आइस्क्रीम खायचं?”

ओम नुसताच बघत राहिला.

“अहो, एकेक विचारा,” आई म्हणाली.