कणकवली विधानसभा मतदारसंघाची लोकसंख्या आणि आर्थिक स्थिती कशी काढायची?

जनगणनेत विधानसभा मतदारसंघाचा तक्ता नसतो. तालुके जोडावे लागतात. सिंधुदुर्गातला कणकवली सोपा आहे: कणकवली, देवगड आणि वैभववाडी हे तीन तालुके. तिघांच्या २०११ च्या प्राथमिक जनगणना सारातली (जनगणनेचे गाव-तालुकावार मूळ तक्ते) लोकसंख्या, स्त्रिया, साक्षर, कामकरी हे मूळ आकडे बेरजेला घ्या आणि टक्केवारी शेवटी काढा. तालुक्यांच्या टक्केवाऱ्यांची सरासरी घेतलीत तर हमखास चुकेल, कारण वैभववाडी फार लहान आहे. चिपळूणसारख्या मतदारसंघात मात्र संगमेश्वर तालुक्याचा काही भागच येतो, तो तालुका एकाहून अधिक मतदारसंघांत विभागलेला आहे. तिथे २००८ च्या परिसीमन आदेशातली (मतदारसंघांच्या सीमा ठरवणारा आदेश) महसूल मंडळं, म्हणजे गावांचे गट, बघून गावागणिक बेरीज करावी लागते.

खरी फसगत रोजगारात होते. जनगणनेत आंबा बागायतदार ‘शेतकरी’त येतो, पण नारळ-सुपारीवाला आणि मच्छीमार ‘इतर कामकरी’ या गटात. त्यामुळे देवगडात ‘इतर’ जास्त दिसले म्हणून तिथे कारखानदारी आहे असं कृपया लिहू नका. सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेले ‘सीमांतिक’ वेगळे दाखवा. हंगामी आंब्याच्या पट्ट्यात तो आकडा फार बोलका असतो.

स्त्रिया जास्त दिसतील (सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६). बाप्ये मुंबईला, हे त्याचं मोठं कारण. चाकरमान्यांची नावं मात्र अनेकदा गावच्या मतदार यादीत राहतात, म्हणून मतदारसंख्येवरून लोकसंख्येचा अंदाज बांधू नये.

दरडोई उत्पन्न जिल्ह्याचंच मिळतं, ते तालुक्यांवर वाटू नका. त्याऐवजी ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’मधले तालुकावार तक्ते वापरा.