वाचकांचे प्रश्न : गाडीला आतनं शीट मारून घेऊ का?

प्रश्न : माझी आठ वर्षं जुनी हॅचबॅक आहे, रोज राजारामपुरीतनं कागल एमआयडीसीला जाऊन येऊन असतो. हायवेला ऐंशीच्या पुढं काटा गेला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, उन्हाळ्यात दुपारी गाडीत बसलं की भाजून निघतो आणि पावसात टपावर नुसती हलगी वाजते. एका दुकानदारानं सगळी गाडी आतनं शीट (आवाज मारायला पत्र्याला चिकटवतात ती) मारून देतो म्हणून १८ हजार सांगितलेत. मित्र म्हणतो गळक्या स्लॅबला लावतात ती डांबरी पट्टी आण आणि घरीच चिकटव, काम तेच. काय करू?

उत्तर : मित्राला चहा पाजा पण त्याचं ऐकू नका. डांबर उन्हानं मऊ पडतं, बंद गाडीत वास सुटतो, आणि टपाला तर ते उलटं चिकटवायचं असतं, म्हणजे मे महिन्यात कधी सुटून लायनिंगवर (टपाच्या आतल्या कव्हरवर) येऊन बसेल सांगता येत नाही. घ्यायचीच तर ब्युटाइल रबरची घ्या, वर ॲल्युमिनियम फॉइल असलेली, २ एमएमची पुरते.

आता दुकानदाराचं. ही शीट नेमकं काय करते ते बघा, पत्रा थरथरला की मधलं रबर पत्रा आणि फॉइलच्या कात्रीत ताणलं जातं आणि ती थरथर तिथंच जिरवतं, बास, एवढंच तिचं काम. ऊन अडवायचं नाही, फटीतनं येणारा वारा तर नाहीच नाही. दाराच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं वाजवून बघा, टण्ण वाजला तर तिथं शीट पाहिजे, थप्प वाजला तर नको. मोठ्या पत्र्याच्या मधोमध निम्मा भाग झाकला तरी बहुतेक फरक पडून जातो, पुढं कोपरे न् कोपरे भरत बसलात तर नुसतं वजन वाढतं. चौरस मीटरला ३ ते ४ किलो होतात, सगळी गाडी भरली की एक जादा माणूस कायमचा बसवल्यासारखं. दुकानदार सगळी गाडी का म्हणतोय तर त्याचा हिशोब शीटवर आहे, एवढंच.

मी तुमच्या जागी असतो तर आधी फक्त टप केला असता, कारण हलगी पण तिथंच आणि ऊन पण तिथंच. लायनिंग उतरवून पत्र्याला ब्युटाइल, आणि त्याच्यावर क्लोज्ड सेल फोम (बंद बुडबुड्यांचा, पाणी न पिणारा), ६ ते १० एमएम, लायनिंग परत बसेल एवढाच. उष्णता हा फोम अडवतो. साधा गादीचा स्पंज चालत नाही, तो पाणी पितो. चकचकीत फॉइलनं ऊन परत जातं असं दुकानात सांगतात, पण फॉइलसमोर मोकळी हवा असली तरच ते खरं, फोमच्या खाली गाडली की तिचा उपयोग शून्य. कर्टन एअरबॅग, म्हणजे बाजूच्या काचांवर टपाच्या कडेतनं उघडणारी, असेल (दारांमधल्या खांबावर, पिलरवर, लिहिलेलं असतं) तर लायनिंगला घरी हात लावू नका, माहितगाराकडंच न्या.

एवढं करूनही उन्हात लावलेली गाडी तापणारच, कारण निम्मं दुखणं काचांचं आहे. काळी फिल्म मारायला जाऊ नका, पुढच्या-मागच्या काचेतनं ७० टक्के आणि बाजूच्या काचेतनं ५० टक्के उजेड पार झालाच पाहिजे असा नियम आहे. पुढच्या काचेला आतनं सनशेड लावा आणि उतरताना काचा बोटभर खाली ठेवा, फुकटचा इलाज आहे.

हायवेच्या आवाजाचं मात्र मला वेगळंच वाटतंय. आठ वर्षांत टायर किती वेळा बदलले? झिजून खालीवर झालेला टायर असा घुमतो की बेअरिंग गेल्याचा भास होतो, आणि बेअरिंग गेलं असेल तर तेही शीटनं झाकायचं नसतं. दाराचं बीडिंग, म्हणजे कडेचं रबर, पण बघा, दारात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा, अलगद निघून आली तर रबर मेलंय. बीडिंग बदलायला शीटच्या मानानं काहीच खर्च येत नाही आणि वाऱ्याची शिट्टी तिथंच बंद होते. हे सगळं करून मगच दारांना शीट लावा, चाकांवरचा भाग त्यानंतर आणि फरशी सगळ्यात शेवटी.

आणि दारं करताना एक गोष्ट उभं राहून करून घ्या. काचेवरनं पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतं आणि तळाच्या भोकांतनं बाहेर पडतं, सगळ्याच गाड्यांत. कारागिरानं घाईत ती भोकं शीटखाली गाडली तर आपल्याकडच्या पावसात, त्यातनं तुमचं गगनबावड्याकडं जाणंयेणं असेल तर विचारूच नका, दार आतनं घागरीसारखं भरतं आणि दोन-तीन पावसाळ्यात खालची कड कुजते. डोअर पॅड (दाराचं आतलं कव्हर) बसवायच्या आधी तांब्याभर पाणी काचेच्या रबरावर ओता आणि खालनं सगळं गळतंय का बघा. गळालं तरच पैसे द्या.