गिंपमध्ये केलेलं डिझाइन कापडावर लावलं की दर चौकोनाला जोड दिसतो. तो कसा घालवायचा?

तुम्ही लिहिलंय की ब्लाउजपीससाठी कोयऱ्या आणि पानांचं डिझाइन काढलंय, एक चौकोन छान दिसतो, पण चार शेजारी शेजारी ठेवले की मधोमध अधिकच्या चिन्हासारखी फट दिसते. मी घरी बसून कुर्ती आणि ड्रेसच्या कापडासाठी रिपीट, म्हणजे कापडभर पुन्हा पुन्हा छापला जाणारा चौकोन, बनवते, त्यामुळे ही फट माझ्या चांगली ओळखीची आहे. गिंपचंच (चित्रं बनवायचा फुकट प्रोग्राम) सांगते, कारण तुमच्याकडे तेच आहे.

कडेची पानं अंदाजाने जुळवत बसू नका. त्यात रात्र जाते आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी कडाच उचलून मध्ये आणायच्या. माझ्या आजोळी ओटीवर नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या होत्या. सुटी फरशी हातात घेतली तर चार कोपऱ्यांत फुलाचा पाव-पाव तुकडा, बाकी मोकळं. चार फरश्या जुळल्या की नेमक्या जोडावर अख्खं फूल. लहानपणी त्या फुलावर एका पायाने उभं राहायचो, पण खाली चार फरश्यांचा जोड आहे हे कधी जाणवलंच नाही. आपल्यालाही तेच करायचंय.

समजा तुमचा चौकोन 1200 बाय 1200 पिक्सेलचा आहे. लेयर मेनूत ट्रान्सफॉर्म, त्यात ऑफसेट, म्हणजे चित्र सरकवायची सोय. शॉर्टकट शिफ्ट-कंट्रोल-ओ. तिथे आडवे 600, उभे 600 द्या (निम्म्या-निम्म्याचं तयार बटणही आहे), आणि कडेला रॅप अराउंड निवडलंय ना ते बघा. ते नसेल तर बाहेर गेलेला भाग दुसऱ्या बाजूने आत न येता कापला जातो. आता चारही कोपरे मधोमध भेटतील आणि फट डोळ्यांसमोर येईल. उलट आत्ताच्या कडा म्हणजे तुमच्या मूळ चित्राचा मधला भाग, तो आधीपासून सलगच होता. म्हणून त्या कडांना हात लावायचा नाही.

ऑफसेट लेयरच्या (चित्राच्या थराच्या) मापाने चालतो, कॅनव्हासच्या नाही. लेयर कॅनव्हासपेक्षा थोडा जरी लहान-मोठा असेल तर सगळं गणित चुकतं. आधी लेयर टू इमेज साइज करून घ्या. आणि चित्र अनेक लेयरमध्ये असेल तर इमेजची प्रत बाजूला ठेवून सगळे लेयर एकत्र करा, नाहीतर एक पान सरकतं आणि त्याची सावली जागच्या जागी.

मधली फट बुजवताना पॅच मारू नका. तिच्यावर एक मोठी कोयरी आडवी टाका, एखादी वेल ओलांडून न्या, फरशीवरच्या फुलासारखं. नजर कोयरीवर जाते, जोडावर नाही. काढलेल्या डिझाइनला हाच उपाय. दगड, गवत, गोणपाट असा फोटो असेल तर क्लोन आणि हील ही एका जागेचा तुकडा उचलून दुसरीकडे उमटवणारी हत्यारं घ्या, ब्रश मऊ ठेवा, आणि एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा उचलू नका, लगेच कळतं.

फटीच्या चारही टोकांशी मात्र थांबा. ती टोकं आत्ताच्या कडांना लागलेली आहेत. तिथपर्यंत रंगवत गेलात तर वरच्या कडेला केलेलं खालच्या कडेला नसेल, आणि एक जोड घालवताना चार नवे छोटे जोड तयार होतील. मी सुरुवातीला हेच करायचे आणि प्रोग्रामला शिव्या द्यायचे. कडेपासून बोटभर आधी थांबायचं, मग पुन्हा ऑफसेट, पण या वेळी निम्मा नाही: आडवे 300, उभे 450 असं काहीतरी वेडंवाकडं. टोकं आत येतात, ती नीट करायची. आणखी एकदा वेगळ्या आकड्याने सरकवायचं आणि कुठे काही खुपत नाही ना ते बघायचं.

फिल्टर्समध्ये मॅपखाली टाइल सीमलेस नावाचा फिल्टरही आहे. एका क्लिकमध्ये होतं म्हणून मोह होतो. तो चित्राची सरकवलेली प्रत मूळ चित्रात विरघळवतो. वाळू-गवताला चालून जातं, पण कोयरीवर लावलात तर एका कोयरीतून दुसरीचं भूत डोकावतं. तुमच्या कामाचा नाही. डिझाइन पहिल्यापासून काढायची तयारी असेल तर क्रिता हा चित्रं काढायचा प्रोग्राम बघा, फुकट आहे. त्यात डब्ल्यू दाबलं की चौकोन चारी दिशांना पसरलेला दिसतो आणि उजवीकडे बाहेर गेलेली रेघ डावीकडून आत येते. हाताने काढणाऱ्यांना याहून सोपं मला तरी माहीत नाही.

आता माझी फजिती. एका गिऱ्हाइकासाठी 15 मीटर कापड छापून घेतलं. पडद्यावर जोड शून्य. कापड उलगडलं तर दर आठ इंचांवर केसाएवढी पांढरट रेघ, उभी आणि आडवी. 15 मीटरच्या लांबीत अशा 70 च्या वर आडव्या रेघा. छापणाऱ्याची चूक नव्हती. मी शेवटच्या क्षणी सगळं डिझाइन किंचित फिरवून लहान केलं होतं, त्यामुळे अगदी कडेची पिक्सेलची ओळ अर्धवट पारदर्शक झाली होती. पडद्यावर चित्रामागची पार्श्वभूमी त्याच रंगाची, म्हणून मला दिसली नाही. कापडावर तिथे पांढरं उतरलं. तेव्हापासून रिपीट पक्का झाला की मी तो फिरवत नाही, ताणत नाही. माप आधीच ठरवते: 8 इंचांचा रिपीट, इंचाला 150 पिक्सेल, म्हणून 1200. खाली गडद गुलाबी लेयर घालून कडा झूम करून बघते. पारदर्शक काही असेल तर गुलाबी झिरपतं.

ब्लर किंवा तशा फिल्टरचंही असंच. कडेपलीकडे काय आहे हे त्याला माहीत नसतं, म्हणून जोड परत उघडतो. ब्लर हवाच असेल तर आधी नऊ चौकोनांचं चित्र करा, त्यावर ब्लर द्या आणि मधला चौकोन नेमका कापून घ्या.

जोड गेला तरी निम्मंच काम झालं असं समजा. चित्र कॉपी करा, पॅटर्नच्या यादीत पहिलाच तो क्लिपबोर्डचा नमुना दिसेल. मोठ्या रिकाम्या कॅनव्हासवर बादलीने ओता, झूम 25 टक्क्यांवर आणा आणि डोळे किलकिले करून बघा. माझ्या पहिल्या दहा डिझाइनांत तरी एक पान बाकीच्यांपेक्षा जरा काळं असायचं. चौकोनात ते गोड दिसायचं, कापडावर त्याच्या सरळ रांगा लागायच्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. तसंच दोन पानांमधली मोकळी जागा. ती खालीवर जुळली की कापडभर नदी वाहते. ते पान फिकं करा, ती जागा एखाद्या ठिपक्याने भरा, पुन्हा ओता. मी हे पाच-सहा वेळा करते.

रांगा तरी हटत नसतील तर हाफ ड्रॉप करा. बुट्ट्या सरळ उभ्या-आडव्या ओळींत न मांडता एक आड एक उभी रांग निम्म्याने खाली उतरवायची. घरात खणाचं कापड असेल तर बघा, त्यावर बुट्ट्या बहुतेक अशाच तिरक्या बसलेल्या दिसतील. गिंपमध्ये त्यासाठी 2400 बाय 1200 चा कॅनव्हास घ्या. डावीकडे मूळ चौकोन, उजवीकडे त्याचीच प्रत, पण आधी ती प्रत उभी 600 ने रॅप अराउंडसह ऑफसेट केलेली. कुठलीही कोयरी डाव्या-उजव्या कडेला चिकटलेली नसेल तर इथेच संपलं. चिकटलेली असेल तर या नव्या आयताची मधली रेघ आणि डावी-उजवी कड वरच्याच पद्धतीने नीट करावी लागेल.

फाइल पीएनजीत द्या. जेपीईजी दाबून साठवलं की कडांचे रंग कधी कधी हलतात आणि इतका वेळ घालवून बुजवलेली फट पुसटशी परत दिसते. आणि छापायला टाकण्याआधी डिझाइनचा एक तुकडा खऱ्या मापात साध्या ए-फोर कागदावर छापून आरशासमोर खांद्यावर धरा. पडद्यावर नाजूक वाटलेली कोयरी बाहीवर तळहाताएवढी निघते, हे मला दोनदा असंच कळलंय.