सांगलीच्या विश्रामबागेतल्या, मध्ये भिंती नसलेल्या उंच छताच्या फ्लॅटसाठी

सुताराला बोलावण्याआधी स्वयंपाकाचं ठरवा. ओटा आणि बैठकीच्या मध्ये भिंत नाही म्हटल्यावर मिरचीचा ठसका थेट सोफ्यापर्यंत येतो. चिमणी डक्टचीच, म्हणजे धूर पाइपने बाहेर टाकणारी घ्या आणि पाइप जवळच्या बाहेरच्या भिंतीतून सरळ काढा. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. नुसती फिल्टरवाली आपल्या फोडणीला पुरत नाही, हे मी ठामपणे सांगते.

पार्टिशन नकोच. सोफ्याची पाठ ओट्याकडे करा, मागे ९० सेंटीमीटर वाट सोडा, झाली बैठक वेगळी. दिव्यांना मात्र जागेप्रमाणे वेगळी बटणं हवीत. उंच छताखाली आवाज घुमतो, म्हणून जाड पडदे, सतरंजी घ्याच.

वर झोपायला माळा काढणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. गरम हवा वरच साठते. तिथे खिडकी, पंखा नसेल तर सांगलीच्या मे महिन्यात कुणी टिकणार नाही.