इंटरकॉमवर तीन आवाज जोडताना: रेझिस्टर, वॉशर आणि ती शिट्टी

भाऊ, जीपीएसचा इशारा, इंजिन मॉनिटरचा अलार्म आणि मोबाइलची गाणी इंटरकॉमच्या (हेडसेटवरचं बोलणं-ऐकणं जुळवणाऱ्या डब्याच्या) एकाच इनपुटला जोडल्यापासून मायक्रोलाइटमध्ये, म्हणजे तुमच्या छोट्या हलक्या विमानात, आवाज पडलाय आणि इंजिन सुरू केलं की शिट्टी येते, असं तुम्ही लिहिलंय. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. नवा इंटरकॉम घेऊ नका, आहे तो बहुतेक ठणठणीत असेल.

आवाज पडतो तो तारा थेट एकत्र पिळल्यामुळे. एक आउटपुट बोलू लागलं की बाकीची त्याचा करंट ओढून घेतात. प्रत्येक तारेत 470 ओहम, पाव वॅटचा रेझिस्टर घाला आणि मगच जोडा. मोबाइल स्टिरिओ आहे, म्हणून डाव्या-उजव्याला वेगवेगळे, एकूण चार. इनपुट 600 ओहमचं असेल तर प्रत्येक तारेवरचं व्होल्टेज साधारण पाचव्या भागावर येतं. कमी वाटलं म्हणून चारही 150 चे केले तरी फारसा फरक पडत नाही. फक्त अलार्मच्या तारेत 150 ठेवा, बाकी 470 च. अलार्म दुपटीहून जास्त वर येतो. त्याआधी मॉनिटरच्या मॅन्युअलमध्ये आउटपुटला किमान किती ओहमचा लोड चालतो ते बघा. रेडिओ यात मिसळू नका, त्याला इंटरकॉमवर स्वतंत्र पिन असते.

आता शिट्टी. आरपीएमबरोबर तिचा सूर चढत-उतरत असेल तर ती चार्जिंगकडून अर्थिंगच्या वाटेने येतेय. इथे माझा राग आहे तो तयार हार्नेस (जोडून दिलेला तारांचा संच) देणाऱ्या एका वर्कशॉपवर. नाव घेत नाही. शील्ड (तारेभोवतीचं धातूचं वेष्टन) दोन्ही टोकांना बॉडीला, हेडसेटचे जॅक पत्र्यात उघडेच कसलेले, वायरिंगचा नकाशा मागितला तर मिळाला नाही, आणि तक्रारीवर उत्तर काय, तर "इंजिनचा आवाज आहे, चालायचंच". तो इंजिनचा आवाज नसतो. जॅकची बाहेरची कडा पत्र्याला टेकली की बॉडीतून वाहणारा करंट ऑडिओच्या अर्थमध्ये घुसतो. माइकची लाइन सगळ्यात नाजूक. तिथली शिट्टी रेडिओवरून टॉवरलाही ऐकू जाते.

तपासणी सोपी आहे. मास्टर स्विच बंद, हेडसेट काढलेले, इंटरकॉमचा कनेक्टर उपसलेला. मल्टीमीटरचं एक टोक जॅकच्या कड्याला, दुसरं बॉडीला. बीप वाजली तर तो जॅक किंवा त्याची शील्ड कुठेतरी बॉडीला टेकतेय. खांदा असलेले फायबर किंवा नायलॉनचे वॉशर दोन्ही बाजूंनी बसवा. त्यासाठी भोक थोडं मोठं करावं लागतं, आणि वॉशरचा खांदा भोकात बसला नाही तर सगळं फुकट. शील्ड फक्त इंटरकॉमच्या टोकाला जोडा, दुसरं टोक कापून वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. एवढं करूनही शिट्टी राहिली तर मोबाइलचा चार्जर काढून बघा. तेवढ्याने थांबली तर मोबाइलच्या लाइनमध्ये प्रत्येक चॅनलला एक असे 600 ओहमचे, 1:1 चे दोन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्हीकडचे अर्थ न जोडता आवाज पुढे देणारे) टाका, रेझिस्टरच्या आधी.

रेझिस्टर धुळ्यात, जळगावात कुठेही मिळतील. माइकचा जॅक मात्र साउंडवाल्याकडून आणू नका. विमानाच्या माइकचा प्लग 5.23 मिमीचा, साउंडवाल्याच्या 6.35 मिमीच्या जॅकमध्ये तो हलतो आणि ऐन बोलताना माइकचा संपर्क तुटतो. तार टेफझेलचीच (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाची) घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, बंद कॅनोपीत त्याहून जास्त, आणि स्वस्त पीव्हीसीचं आवरण अशा उन्हात मऊ पडतं.

हे सगळं मायक्रोलाइट धरून लिहिलंय. विमान टाइप सर्टिफाइड (डिझाइनला सरकारी मान्यता असलेलं) असेल तर आधी परवानाधारक इंजिनिअरला नकाशा दाखवा, सहीशिवाय एक तारही हलवू नका. आणि माझं ठाम मत: अलार्म कधीही म्यूट होणाऱ्या म्युझिक इनपुटला देऊ नका. रेडिओ बोलायला लागला की तो इनपुट दबतो आणि ऑइल प्रेशरचा इशारा त्यातच गडप होतो. तुमच्या इंटरकॉमला म्यूट न होणारं दुसरं इनपुट असेल तर अलार्म आणि जीपीएस तिथे न्या, मोबाइल एकटा राहू द्या. मग इंजिन पूर्ण आरपीएमवर ठेवून, हेडसेट घालून अलार्मची पातळी लावा. हँगरच्या शांततेत लावलेली पातळी वर ऐकू येत नाही.